वळताना येणारा टकटक आवाज: उजव्या ॲक्सलच्या कामाच्या नोंदी

३० सप्टेंबर २०२४, सावंतवाडी

मामांच्या गाडीचे काम आजपासून हाती घेतले आहे. गाडी २०१३ सालची, पुढच्या चाकांवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. टायर १४५/८० आर १२ मापाचे असून मीटरवर ७४ हजार किलोमीटर झाले आहेत. गाडी वळवताना पुढच्या बाजूने टक्-टक्-टक् असा कोरडा आवाज येतो, सरळ रस्त्यावर मात्र काहीच ऐकू येत नाही, अशी तक्रार आहे. गणपतीत आंबोलीचा घाट चढताना अरुंद वळणांवर तो मामांच्या प्रथम लक्षात आला आणि आता अंगणात गाडी फिरवून लावतानाही तो स्पष्ट येतो.

“अरे, आवाज चाकातून येतो की स्टिअरिंगमधून, हेच मला नीट सांगता येत नाही,” असे मामा म्हणाले. तपासाची सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागेल. वळणावर आवाज करू शकणारे भाग पुष्कळ आहेत. शॉकअॅब्सॉर्बरच्या माथ्यावरचे बेअरिंग, स्टॅबिलायझरची लिंक, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक, ॲक्सलचा (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या शाफ्टचा) चाकाकडचा म्हणजे बाहेरचा सांधा, ढिले झालेले चाकाचे नट, इतकेच काय, टायरच्या नक्षीत अडकलेला खडासुद्धा. यांतले काही भाग स्टिअरिंग फिरले की हलतात आणि काही चाक फिरले की हलतात. आवाज यांपैकी कोणत्या हालचालीशी बांधलेला आहे, हे ठरले की निम्मी यादी आपोआप गळते. ते ठरण्याआधी पाना हातात घ्यायचा नाही, एवढे आज निश्चित केले.

१ ऑक्टोबर

गाडी जागेवर उभी ठेवून चाचणी घेतली. इंजिन चालू ठेवून, मामांना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगितले आणि मी बॉनेट उघडून दोन्ही स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर यांच्या उभ्या जोडाच्या) माथ्यावर आळीपाळीने तळहात ठेवला. माथ्यावरचे बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंग पीळ धरते आणि मग एकदम सुटते. तो झटका कानाआधी हाताला कळतो. येथे स्प्रिंग दोन्ही बाजूंना सलग फिरत होती. टायर जमिनीवर घासल्याचा आवाज सोडला तर दुसरा कोणताही आवाज आला नाही. गाडीचा पुढचा कोपरा दाबून वरखाली हलवला, तेव्हाही सर्व शांत होते.

चाकांचे नट पान्याने तपासले, ते घट्ट आहेत. टायरच्या नक्षीतले खडे टोकदार स्क्रूड्रायव्हरने काढून टाकले आणि प्लॅस्टिकचे व्हील कव्हर काढून डिकीत ठेवले. ही कामे किरकोळ असली तरी पुढच्या चाचणीत त्यांच्याबद्दल शंका उरता कामा नये.

५ ऑक्टोबर

गावाबाहेर एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीसमोर मोठे, सपाट पटांगण आहे. तेथे रहदारी नाही आणि एका बाजूच्या भिंतीवरून आवाज परत येत असल्याने कान देणे सोपे जाते. पहिल्या गिअरमध्ये स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून गाडी गोल फिरवली, तेव्हा आवाज जवळजवळ नाही. पूर्ण डावीकडे वळवून तशीच फिरवली आणि ॲक्सिलरेटरवर थोडा दाब दिला, तेव्हा तो लगेच सुरू झाला. वेग वाढवला की ठोक्यांतले अंतर कमी होते आणि वेग कमी केला की ते वाढते. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली, तेव्हा आवाज इतका मंद झाला की खिडकीची काच खाली असूनही मोठ्या कष्टाने ऐकू आला. पुन्हा ताकद दिली की पूर्ववत. डाव्या पायाने ब्रेक हलकेच टेकवून पाहिला, त्याने ठोक्यांत फरक पडला नाही. म्हणजे ब्रेकचा पॅड किंवा डिस्कमागचा पत्रा यांचा यात हात नाही.

मोजणीही करून ठेवली. १२ इंची रिम म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्यावर दोन्ही बाजूंना टायरची ११६ मिलिमीटरची उंची, म्हणून चाकाचा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर आणि परीघ १.६९ मीटरच्या आसपास येतो. ताशी १० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला साधारण १.६ वेळा फिरते. उजव्या टायरवर खडूने रेघ मारली आणि मामांना गाडी माणसाच्या चालीने गोल फिरवायला सांगून मी बाहेरून बरोबर चालत राहिलो. रेघ एकदा वर येऊन पुन्हा वर येईपर्यंत दोन-तीन ठोके पडत होते आणि ते दर फेऱ्याला जवळपास त्याच जागी पडत होते. फिरणाऱ्या चाकाशी आवाजाचे नाते यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही. स्टिअरिंगचा कोन स्थिर, रस्ता सपाट आणि तरीही चाकाच्या लयीत ठोके, शिवाय ते ताकद दिल्यावर वाढणारे. हे वर्णन ॲक्सलच्या बाहेरच्या सांध्याला लागू पडते. वर लिहिलेल्या यादीतल्या इतर कोणत्याही भागाला ते एकत्र लागू पडत नाही.

डावीकडे वळताना आवाज आला तर उजवा सांधा, उजवीकडे वळताना आला तर डावा, असा गॅरेजमधला प्रचलित ठोकताळा आहे. वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, त्यामुळे बहुधा तो बरोबर ठरतो. तरीही पत्र्यातून आवाज कोठून कोठे जाईल याचा भरवसा नसतो आणि केवळ या ठोकताळ्यावर भाग विकत आणणे मला योग्य वाटत नाही. बाजू खाली पाहूनच ठरवायची.

६ ऑक्टोबर

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, हँडब्रेक ओढला, गाडीचा पुढचा भाग उचलून दोन स्टँडवर ठेवला आणि मगच खाली गेलो. डिकीतल्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासाठीसुद्धा, जाऊ नये. तो जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो.

उजव्या बाजूला फार शोधावे लागले नाही. रिमची आतली बाजू, स्ट्रटचे खालचे टोक आणि ब्रेकचा नळ यांवर काळपट ग्रीसचे शिंतोडे एका रेषेत उडालेले होते. फिरणाऱ्या शाफ्टवरून ग्रीस फेकले गेले की असा पट्टा उमटतो. बाहेरच्या सांध्यावरचा रबरी बूट वरून पाहता धड दिसत होता. स्टिअरिंग पूर्ण वळवून त्याच्या घड्या उघडल्या, तेव्हा मोठ्या टोकाकडून दुसऱ्या घडीच्या तळाशी बोटाच्या दोन पेरांएवढी चीर दिसली. चिरेच्या कडा कडक झाल्या आहेत, म्हणजे दगड लागून रबर फाटलेले नाही. वयाने ते तडकले आहे. चाके सरळ असताना ही चीर मिटलेली राहते आणि वळताना उघडते. त्यामुळे वरवर नजर टाकणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही.

चिरेतून बोट घालून थोडे ग्रीस बाहेर काढले. मुळात काळे असणारे हे ग्रीस तपकिरी-लाल झाले होते आणि अंगठा व तर्जनीमध्ये चोळले असता त्यातली कचकच स्पष्ट लागत होती. पांढऱ्या बशीत थोडे पेट्रोल घेऊन त्यात ते कालवले आणि तसेच ठेवले. थोड्या वेळाने तळाशी विटकरी रंगाचा थर बसला आणि त्यात काही चमकदार, चपटे कणही दिसले. चुंबक फिरवल्यावर ते चमकदार कण ओढले गेले. विटकरी थर म्हणजे आपली जांभ्याची माती, आणि चुंबकाला लागलेले कण म्हणजे सांध्याचे पोलाद. जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि दागिने व काच यांना झिलई देण्यासाठी वापरली जाणारी लाल पूडही लोहाचे ऑक्साइडच असते. पावसाळाभर तेच द्रव्य चिखलाच्या रूपाने या सांध्यात जात राहिले आणि ग्रीसबरोबर सांध्याच्या आत दळले गेले.

बाकीचे भागही त्याच बैठकीत तपासून घेतले. चाक वर-खाली धरून हलवले, बेअरिंगमध्ये खेळ नाही. डावी-उजवी बाजू धरून हलवले, टाय रॉडच्या टोकात खेळ नाही. खालच्या आर्मखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचलून पाहिले, बॉल जॉइंट घट्ट आहे. यानंतर एका हाताने शाफ्ट घट्ट धरून दुसऱ्या हाताने चाक मागेपुढे फिरवले, तेव्हा बाहेरच्या सांध्यातच टक् असा धक्का दोन्ही हातांना जाणवला. डाव्या बाजूला हीच कृती केल्यावर असे काही लागले नाही. डाव्या बाहेरच्या बुटावर बारीक भेगांचे जाळे आहे, मात्र तो आरपार फाटलेला नाही. गिअरबॉक्सकडचे दोन्ही आतले बूट चांगले आहेत.

शेजारच्या गॅरेजचे मेस्त्री सहज डोकावले आणि शिंतोडे पाहूनच म्हणाले, “हो ॲक्सल गेलो, आणखी काय बघूचा नाय.” त्यांचे निदान बरोबरच होते. त्यांचा शेगडा (भाग जबड्यांत घट्ट धरणारे साधन) आणि दाबयंत्र आठवडाभर वापरायला मिळेल, हे त्यांनी आपणहून सांगितले, याबद्दल त्यांचे आभार येथे नोंदवून ठेवतो.

८ ऑक्टोबर

पुढचा निर्णय घेण्यापूर्वी या सांध्याचे कार्य लिहून ठेवतो, कारण नवा बूट घालून भागेल की सांधाच बदलावा लागेल, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे.

पुढच्या चाकाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात: इंजिनाची ताकद रस्त्याला द्यायची आणि वळायचेही. म्हणजे शाफ्ट मोठ्या कोनात वाकलेला असतानाही चाक समान गतीने फिरले पाहिजे. जुन्या गाड्यांच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो तो क्रॉसचा सांधा हे करू शकत नाही. त्यात आत येणारी गती स्थिर असली तरी बाहेर जाणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते, आणि हा चढउतार कोनावर अवलंबून असतो. ४० अंशांच्या कोनात ती आत येणाऱ्या गतीच्या सुमारे ७७ टक्क्यांपर्यंत उतरते आणि १३० टक्क्यांपर्यंत चढते. असे चाक वळणावर हिसके देत चालेल. फोर्ड कंपनीतले अभियंते आल्फ्रेड रझेपा यांनी १९२०च्या दशकात यावर जो उपाय शोधला, त्याच्याच सुधारित आवृत्त्या आज बहुतेक गाड्यांत बाहेरच्या सांध्यात असतात. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनी गाडीने ही रचना लहान गाड्यांत रूढ केली. आपल्याकडे अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या होत्या; डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि त्यानंतर हा सांधा गावोगावच्या गॅरेजांत परिचयाचा झाला.

रचना अशी आहे. बाहेर पोलादाची खोल वाटी, आत शाफ्टवर बसणारा गोलसर गाभा, दोन्हींवर समोरासमोर सहा-सहा वक्र खाचा आणि त्या खाचांत सहा छर्रे. छर्ऱ्यांना जागेवर धरणारा खिडक्यांचा एक पिंजरा असतो. शाफ्ट आणि चाक यांच्यात कितीही कोन झाला तरी सहाही छर्रे त्या कोनाच्या बरोबर अर्ध्यावरच्या प्रतलात राहतात आणि त्यामुळेच दोन्ही बाजूंची गती समान राहते. गाडी सरळ चालत असताना छर्रे खाचांत जवळपास एकाच जागी बसून ताकद वाहतात. चाक वळलेले असताना मात्र प्रत्येक छर्रा दर फेऱ्याला आपल्या खाचेत एकदा पुढे आणि एकदा मागे सरकतो.

आवाज का येतो आणि फक्त वळणावरच का येतो, हे यावरून उलगडते. या परिघाच्या चाकाचे किलोमीटरला सुमारे ५९० फेरे होतात, म्हणजे ७४ हजार किलोमीटरमध्ये सांध्याने चार कोटींहून अधिक फेरे केले आहेत आणि त्यांतले बहुसंख्य सरळ रस्त्यावरचे आहेत. ग्रीसमध्ये माती शिरल्यावर छर्रे ज्या जागी बसतात तेथेच खाच खरवडली जाऊन खळगा तयार होतो. सरळ चालताना छर्रा त्या खळग्यात स्वस्थ बसतो, म्हणून आवाज नाही. वळताना त्याला खळग्याच्या कडेवरून चढून जावे लागते. त्यात वरून ताकद दिली की तो कडेवरून निसटून पलीकडे आपटतो. तो ठोका म्हणजेच टक्. पिंजऱ्याची खिडकी झिजली असेल तर छर्रा तिच्या कडेवरही आपटतो आणि आवाज दुप्पट होतो.

झिजलेला खळगा ग्रीसने भरून येत नाही. आवाज सुरू झाल्यानंतर नवे ग्रीस आणि नवा बूट घातल्यास काही दिवस ठोका मऊ होतो, मात्र कड तशीच राहते आणि झीज वाढत जाते. शेवटी पिंजरा फुटला तर छर्रे निसटतात आणि इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही. घाटात नेहमी जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा धोका पत्करता येणार नाही. मामांना हे समजावून सांगितले आणि उजवा बाहेरचा सांधा बूट, ग्रीस व क्लिपांसह नवा घालायचा, डाव्या बाजूला फक्त बूट व ग्रीस बदलायचे, असे ठरवले. पूर्ण ॲक्सल बदलण्याचा पर्यायही होता, परंतु शाफ्ट सरळ आहे आणि आतला सांधा निर्दोष आहे, त्यामुळे तो खर्च अनाठायी ठरला असता.

९ ऑक्टोबर

उतरवण्याचे काम आज केले. चाके जमिनीवर असतानाच हबच्या (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या) मोठ्या नटची चेपलेली कड बोथट छिन्नीने उघडली, मामांना ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि लांब दांड्याने नट सैल केला. गाडी स्टँडवर घेतल्यानंतर हा नट सोडवायला गेले तर चाक फिरत राहते आणि हिसक्यांनी गाडी स्टँडवरून ढळू शकते.

त्यानंतर गिअरबॉक्सचे ऑइल स्वच्छ भांड्यात काढून घेतले. त्याच्या प्लगच्या चुंबकावर बारीक राखी पूड होती, तुकडे नव्हते. हे सामान्य आहे. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून आर्म खाली दाबला, नकल (हब धरून वळणारा पोलादी भाग) बाहेर ओढला आणि शाफ्टचे दातेरी टोक हबमधून सुटे केले. टोक अडले होते, परंतु त्यावर हातोडा न मारता नट चार आटे परत लावून, नटवर लाकडाचा ठोकळा धरून ठोकले. आटे बिघडले तर नवा भाग असूनही काम अडते. नकल बाहेर ओढताना ब्रेकच्या नळावर ताण येत नाही ना, हे सतत पाहत राहिलो. गिअरबॉक्सकडचे टोक टॉमीच्या एका नेमक्या दाबाने सर्कलिपमधून (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्यातून) सुटले. ऑइल सीलची कड तपासली, ती मऊ आणि अखंड आहे.

शेगड्याच्या जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून त्यात शाफ्ट आडवा धरला. जुना बूट कापून काढला, ग्रीस पुसले आणि आतल्या गाभ्याच्या कडेवर पितळी दांडा टेकवून हातोडीचा एक ठाम ठोका दिला. सांधा सर्कलिप सोडून बाहेर आला.

रॉकेलमध्ये धुऊन, पिंजरा आडवा वळवून, एकेक छर्रा बाहेर काढला आणि मग जे दिसले त्याने उरलासुरला संशय फिटला. वाटीच्या सहाही खाचांच्या मध्यावर चकचकीत पट्टा उमटला होता आणि शेजारशेजारच्या तीन खाचांत त्या पट्ट्याच्या जागी चक्क खळगा होता. खाचेतून नख ओढत नेले की खळग्याच्या दोन्ही कडांवर ते अडकते. एका खळग्याच्या कडेला पोलादाचे बारीक पापुद्रे सुटलेले दिसत होते. छर्ऱ्यांवर लखलखीत तकाकीऐवजी धुरकट मळकेपणा होता आणि पिंजऱ्याच्या खिडकीत छर्रा ठेवून हलवला तर तो खुळखुळत होता, जे चांगल्या सांध्यात कधीही होता कामा नये. चाकाच्या एका फेऱ्यात दोन-तीन ठोके का पडत होते, याचा अर्थ या तीन खाचांकडे पाहून लागला.

१२ ऑक्टोबर

दसरा. दुकाने बंद आहेत. शाफ्ट मेणकापडात गुंडाळून ठेवला आहे आणि गिअरबॉक्सच्या भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा बसवला आहे. मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा झाली, तीत आमचे पाने आणि टॉमीही मांडले गेले.

१४ ऑक्टोबर

कुडाळहून सांधा आणला. जुना सांधा बरोबर नेला होता आणि तो काउंटरवर नव्याशेजारी ठेवून हबकडचे दाते, शाफ्टकडचे दाते, बेअरिंगला टेकणाऱ्या खांद्याचा व्यास आणि टोकाच्या आट्यांची लांबी हे सर्व पडताळून घेतले. गाडीचे नाव आणि साल सांगून मिळालेला भाग एखाद्या दात्याने वेगळा निघतो आणि ते घरी आल्यावर कळते. म्हणून हा त्रास घेणे आवश्यक आहे. या गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे सांध्यावर दातेरी कडे असण्याचा प्रश्न नव्हता. नवा हब नट, दोन्ही बाजूंचे बूट, नव्या सर्कलिपा आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेल्या काळ्या ग्रीसची पाकिटे घेतली. साधे चेसिस ग्रीस या सांध्यात घालू नये. छर्रे आणि खाचा यांच्यातल्या दाबाला ते टिकत नाही.

१५ ऑक्टोबर

शाफ्टचे दाते तारेच्या ब्रशने आणि पेट्रोलने स्वच्छ केले. प्रथम लहान क्लिप, मग बूट, मग नवी सर्कलिप, या क्रमाने भाग चढवले. क्रम चुकला तर बसवलेला सांधा पुन्हा उतरवावा लागतो. पाकिटातले अर्ध्याहून अधिक ग्रीस छर्ऱ्यांच्या मधून आत दाबून भरले आणि उरलेले बुटात पसरले. सांध्यासोबत आलेले ग्रीस त्याच्या मापाचे असते, जास्तीचे भरल्याने बूट फुगण्यापलीकडे काही साधत नाही. लाकडी मोगरीने टोकावर ठोकून सांधा बसवला, सर्कलिप खाचेत गेल्याचे कळले आणि जोर लावून ओढूनही तो सुटत नाही, याची खात्री केली.

बुटाची दोन्ही टोके आपापल्या खाचेत बसवल्यावर लहान टोकाखाली बोथट पट्टी घालून आत कोंडलेली हवा सोडली. हवा कोंडून राहिली तर बूट फुगलेला राहतो आणि आत ओढली गेली असेल तर घड्या चिमटतात. दोन्ही प्रकारांत रबर लवकर तडकते. क्लिपा आवळण्यासाठी चिमट्यासारखी खास पक्कड मेस्त्रींकडे होती, ती वापरली. प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधून वेळ मारून नेण्याची पद्धत मी पाहिली आहे. त्या ग्रीस आणि उष्णतेपुढे टिकत नाहीत आणि मोठे टोक घसरले की पुन्हा तीच माती आत जाते.

डाव्या बाजूचा शाफ्टही उतरवला. तेथील ग्रीस काळे, स्वच्छ आणि बोटांना मऊ लागणारे होते. खाचांवरून नख कोठेही न अडकता फिरले. तो सांधा धुऊन, नवे ग्रीस आणि नवा बूट घालून परत बसवला. दोन्ही सांध्यांचे वय आणि त्यांनी केलेले अंतर सारखेच आहे. एक निकामी झाला आणि दुसरा ठणठणीत राहिला, तो केवळ रबराच्या एका चिरेमुळे.

दोन्ही शाफ्ट गिअरबॉक्समध्ये घालताना सीलच्या कडेला ऑइल लावले आणि दाते सीलला घासणार नाहीत, असे हाताने तोलून आत सरकवले. बॉल जॉइंटचा बोल्ट त्याच्या खाचेतून आरपार गेल्याचे पाहूनच आवळला. चाके लावून गाडी खाली घेतली आणि हबचा नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळून त्याची कड चेपली. लहान गाड्यांत हा आकडा सामान्यतः १५० ते २५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, परंतु प्रत्येकाने आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. हा नट केवळ शाफ्ट धरून ठेवत नाही, चाकाचे बेअरिंगही त्याच्याच दाबाने एकत्र राहते. म्हणून नट पुरता आवळला जाण्याआधी गाडी ढकलूनही हलवू दिली नाही. शेवटी गिअरबॉक्समध्ये पुस्तिकेतल्या दर्जाचे ऑइल, गाडी सपाट जागी उभी असताना, पातळीच्या भोकातून ओघळेपर्यंत भरले.

१६ ऑक्टोबर

तेच पटांगण, तोच गिअर, तेच पूर्ण वळलेले स्टिअरिंग. डावीकडे, उजवीकडे, ताकद देऊन, क्लच दाबून आणि उलट दिशेनेही गाडी फिरवली. चाकाच्या लयीतला आवाज पूर्णपणे गेला आहे.

मात्र रिव्हर्समधून पुढे निघताना ब्रेक लावला की एकच टक् ऐकू आला. तो चाकाबरोबर पुन्हा पुन्हा येत नव्हता, दिशा बदलल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला एकदाच येत होता. ब्रेक न लावता केवळ हँडब्रेकने थांबून दिशा बदलली, तर तो आला नाही. म्हणजे हा सांध्याचा आवाज नाही. ब्रेकचा पॅड आपल्या ब्रॅकेटमध्ये एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकतो, त्याचा आहे. उजवे चाक पुन्हा काढून पाहिले, तेव्हा पॅड धरून ठेवणारी पातळ पोलादी पट्टी चिखलाने जाम होऊन दबलेली आढळली. ती साफ केली, तिला पूर्वीचा बाक दिला आणि बसवली. त्यानंतर तो आवाजही थांबला.

२० ऑक्टोबर

सावंतवाडीहून आंबोलीपर्यंत आणि परत, मामा स्वतः गाडी चालवत होते आणि मी मागच्या सीटवर उजव्या बाजूला बसून कान देत होतो. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अरुंद वळणे घेताना सांध्यावर सर्वाधिक ताण येतो. तेथेही काही आवाज नाही. वर पोहोचल्यावर मामा समाधानाने म्हणाले, “आता वळणावर मला रेडिओचा आवाज वाढवावा लागत नाही.” परत आल्यावर गाडी थंड होऊ दिली आणि खाली पाहिले. बूट कोरडे आहेत, क्लिपा जागच्या जागी आहेत, गिअरबॉक्सच्या सीलखाली ऑइलचा ओलावा नाही. हब नटची चेपलेली कड हललेली नाही.

१७ नोव्हेंबर

गाडी नियमित वापरात आहे. आज पुन्हा दोन्ही बाजूंचे बूट, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून, घड्या उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिले. कोठेही ग्रीसचा शिंतोडा नाही. आतले दोन्ही बूट अजून जुनेच आहेत आणि उजव्या आतल्या बुटाच्या रबराला किंचित कडकपणा येऊ लागला आहे. ते पुढच्या उन्हाळ्यात, पाऊस सुरू होण्याआधी बदलायचे ठरले असून तोवर दर वेळी टायरमध्ये हवा भरताना मामा चाके वळवून बुटांकडे एकदा पाहतील. रिमच्या आतल्या बाजूवर काळा पट्टा दिसला तर गाडी घाटात न नेता त्यांनी लगेच कळवायचे आहे.

जुना सांधा धुऊन, सुटा करून मेस्त्रींना दिला. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना नख फिरवून खळगा कसा ओळखायचा, हे दाखवण्यासाठी त्यांना तो हवा होता.